यादीची मागची बाजू

आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. जळगावच्या त्या सरकारी कार्यालयात इतरत्र लोक बूट घालून, तंबाखू चोळत, भिंतीचे कोपरे रंगवत फिरायचे. आमच्या दाराशी मात्र मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे वाकायचे. आत धूळ गेली तर मशीन बिघडेल, असं मशीन बसवायला आलेला माणूस सांगून गेला होता. लोकांना मात्र आतल्या थंड हवेचं आकर्षण होतं, कारण एसी अख्ख्या इमारतीत दोनच ठिकाणी होता, एक साहेबांकडे आणि दुसरा आमच्या मशीनसाठी. मे महिन्यात कुठलं ना कुठलं काम काढून प्रत्येक शाखेचा कारकून आमच्याकडे डोकावायचा. मी त्यांना हाकलायची. मला तेव्हा त्यात मोठा आनंद वाटायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. मुक्ताईनगरच्या बाजूच्या एका केळीवाल्या घरातली मुलगी, मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिलेली, सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. आमच्या भाऊबंदांत नोकरी करणारी मी पहिली बाई, आणि नोकरी कसली, तर ज्या यंत्राला सगळे हात जोडतात त्याच्यापुढे बसायची. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं? माझ्या मशीनला पासवर्ड होता. तो मी दर सोमवारी बदलायची आणि बदलताना खोलीत कोणी असलं तर त्याला बाहेर काढायची, मग तो कितीही वरचा असो. त्यातला एकही पासवर्ड मी आजपर्यंत कोणाला सांगितलेला नाही. ह्या एका बाबतीत मी अगदी धुतल्या तांदळासारखी आहे, आणि माझ्या पापाला त्याचा काही उपयोग नाही.

गोपनीय शाखेत एक वयस्क अव्वल कारकून होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या कपाटाच्या किल्ल्या कडदोऱ्याला असत आणि लाखेची मोहोर ते स्वतःच्या हातानं लावत. टायपिंगच्या खोलीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ‘तिथं एक पत्र टाईप झालं की संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याची चर्चा असते,’ म्हणायचे. कॉम्प्युटर आल्यावर पहिले सहा महिने ते आमच्या दाराशी चपला न काढता नुसते उभे राहून बघायचे. मग एक दिवस चपला काढून आत आले, माझ्या शेजारी बसले आणि विचारलं, “पोरी, ह्याच्यात ठेवलेलं तुझ्याशिवाय दुसऱ्याला दिसत नाही, हे खरं?”

“खरं, नाना.”

“साहेबांनासुद्धा?”

“साहेबांना मी उघडून दिलं तरच.”

त्यांना ते फार आवडलं. त्यानंतर गोपनीय शाखेचे जबाब माझ्याकडे यायला लागले. मी लावलेल्या फाईलला वेगळा पासवर्ड, फ्लॉपी त्यांच्या कपाटात, आणि छापलेली प्रत त्यांच्या हातात. बिघडलेले कागद मागच्या अंगणातल्या लोखंडी घमेल्यात जाळायचे आणि नोंदवहीत तारीख घालून ‘जाळले’ असं लिहून सही करायची, हा नियमही नानांनीच घातला.

त्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याकडून साग उतरत होता. जंगलातून तोडलेले ओंडके ट्रकमध्ये तळाला, वर केळीची पानं आणि त्यावर केळीचे घड. नाक्यावर कोणी घड उचकून बघत नाही, कारण केळीला उशीर झाला की ती काळी पडते आणि शेतकरी बोंबलतो. वरच्या साहेबांना ह्याचा सुगावा लागला होता आणि त्यांना गाडी मालासकट पकडायची होती. त्यासाठी आतलं सांगणारं माणूस हवं होतं. नानांनी ते शोधून आणलं.

ती पन्नाशीची बाई होती. पायथ्याच्या एका पाड्यावरची, विधवा, मोहाची फुलं आणि टेंभुर्णीची पानं वेचायची, पावसावर पिकेल तेवढी ज्वारी करायची आणि उरलेले दिवस खालच्या गावांत केळीच्या गाड्या भरायला जायची. गाडीत खाली काय असतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता, पस्तिशीचा. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता आणि हिनंच त्याला वाढवला, असं तिनंच सांगितलं. तिच्या पायांत चपला नव्हत्या, तरी ती दाराशी आली तेव्हा बाहेरचा चपलांचा ढीग बघून तिनं लुगड्याच्या पदरानं तळपाय पुसले.

जबाब सुरू करायच्या आधी ती मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, “मन्हं नाव त्याम्हा ठेवशी, मंग ते कोन कोन देखी?”

भाऊ म्हणाला, “अक्का, कोनी देखाव नही. साहेब सांगी राह्यनात ना.”

तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती. मी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, “अक्का, ह्या डब्याला कुलूप शे. आणि किल्ली माझ्या डोक्यात. मी सांगितल्याशिवाय तुमचं नाव देवालासुद्धा दिसणार नाही.”

ती हसली. मग तिनं सगळं सांगितलं. कुठल्या वारी गाडी भरतात, कुठल्या नाल्यात ओंडके आणून ठेवतात, गाडीचा मालक कोण, पुढची खेप कधी. नाना विचारत होते, भाऊ अडलेला शब्द मराठीत सांगत होता आणि मी टाईप करत होते. वर मी मोठ्या, दुप्पट रुंदीच्या अक्षरांत ‘गोपनीय’ लिहिलं. आमच्या मशीनमध्ये नुकतंच मराठी अक्षरांचं कार्ड बसवलेलं होतं आणि ती मोठी अक्षरं छापून दाखवायची मला हौस होती. प्रत्येक पानावर ती यावीत अशी मी सोय केली.

आता माझ्या घरची गोष्ट. पुढच्याच आठवड्यात माझ्या भावाचं लग्न होतं आणि मला घरून निरोप आला होता की कॉम्प्युटरचा लांब कागद घेऊन ये. तो कागद आठवतो ना? एकाला एक जोडलेली पानं, दोन्ही कडांना भोकं, उलगडत गेलं तर ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या काळी त्याची पाठकोरी पानं मिळावीत म्हणून लोक आमच्या खोलीभोवती घुटमळायचे. कोणाला मुलांच्या वह्या शिवायच्या असायच्या, कोणाला कपाटाच्या फळ्यांवर अंथरायचं असायचं. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, मानपानाची यादी करायची होती. आमच्याकडे लग्न लागल्यावर मांडवात एकेक नाव पुकारून टॉवेल-टोपी देतात. नाव राहिलं तर माणूस जन्माचा रुसतो. साध्या वहीच्या पानांवर यादी केली की एखादं पान मागेपुढे होतं आणि भांडणाला निमित्त मिळतं. म्हणून आबांना सलग कागद हवा होता. आईनं निरोपात मुद्दाम सांगितलं होतं, “तुकडे नको आनजो, लांबच आनजो.”

जबाब छापायला घेतला त्या दुपारी नाना साहेबांच्या सहीसाठी गेले होते. प्रिंटर सुरू झाला आणि वीज क्षणभर जाऊन आली. मशीन बंद पडलं नाही, पण प्रिंटर वेड्यासारखा चौकोन आणि फुल्या ओकायला लागला. एक पान, दुसरं, तिसरं. मी प्रिंटरचं बटण बंद करून परत चालू केलं, तेवढ्यात दारात कोणी तरी चपलांसकट आलं म्हणून त्याच्याशी भांडायला गेले. परत आले तेव्हा कागद वाकडा सरकून अडकला होता. मी अडकलेला सगळा कागद एकत्र ओढून काढला, नवा लावला आणि पहिल्यापासून स्वच्छ प्रत छापली.

ओढून काढलेल्या कागदाची वरची पानं मी बघितली. चौकोन आणि फुल्या. सलग पाच पानं होती, न फाटलेली, मागून कोरी करकरीत. घमेलं मागच्या अंगणात होतं, बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. मी कागद घडी करून पिशवीत टाकला, नोंदवहीत ‘बिघडलेली पाने ५, जाळले’ असं लिहिलं आणि खाली सही केली. सही चांगली मोठी, झोकात केली होती. ती मला अजून दिसते.

शेवटपर्यंत उलगडून बघायला किती वेळ लागला असता? पाणी पिण्याइतका.

लग्न आमच्या गावाला, दुपारचं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, मांडवाच्या मागे बट्ट्या भाजायचा धूर, बायकांची लगबग. मुलीकडचे लोक सातपुड्याच्या बाजूचे होते, केळीचेच. त्यांच्याबरोबर एक पाहुणा आला होता, ज्याचे ट्रक त्या सगळ्या पट्ट्यातली केळी उचलायचे. गाडीवाला आहे म्हणजे शेतकऱ्याच्या घरी त्याला पुढचीच खुर्ची. आमच्या आबांनी त्याला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मी त्याला ओळखत नव्हते. नाव ऐकलं तेव्हा ओळखलं, कारण ते नाव मी आठ दिवसांपूर्वी टाईप केलं होतं. तेव्हाही मला भीती वाटली नाही. उलट थोडी गंमतच वाटली, की ह्याला माहीत नाही आणि मला माहीत आहे.

मानपान सुरू झालं. आबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे, डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हातांत तो लांब कागद छातीसमोर धरलेला. एकेक पान वाचून झालं की ते पुढचं उलगडायचे आणि कागद त्यांच्या हातांतून आणखी खाली लोंबायचा. कोऱ्या बाजूला आबांचं निळ्या शाईचं अक्षर. छापलेली बाजू लोकांकडे.

मी बायकांच्या घोळक्यात, डाव्या हाताला. पहिली पानं लोंबली, चौकोन आणि फुल्या. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. मग चौथं पान आलं, आणि त्यावरचं मला तिथूनही वाचता येत होतं, दुप्पट रुंदीच्या अक्षरांत, गोपनीय. खाली सगळा मजकूर नीट छापलेला होता. जबाब देणारीचं नाव, तिच्या पाड्याचं नाव, गाडीचा नंबर, वार. प्रिंटर बंद करून चालू केल्यावर त्यानं ते एक पान बिनचूक छापून मग कागद अडकवला होता.

पहिल्या रांगेतल्या माणसाच्या आणि त्या कागदाच्या मधे तीन हात अंतर होतं. त्यानं खिशातून चष्मा काढला.

मी काय करायला हवं होतं, ते कोणालाही कळेल. धावत जाऊन कागद हिसकावायला हवा होता. आबांचा अपमान झाला असता, व्याही मंडळी रुसली असती, लोक म्हणाले असते की पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला असता तर झाला असता. मी जागची हलले नाही. मी मनाशी म्हणत राहिले की तो वाचत नाहीये, त्याचं लक्ष नाही, पुरुषमाणसं उगाच चष्मा लावतात. आबांनी त्याचं नाव पुकारलं. तो उठला, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि हात जोडले. परत बसताना माझ्याकडे बघून अगदी गोड हसला.

“ताई, तुमचं मशीन मराठी बी छापतं का? छान छापतं.”

मानपान आटोपल्यावर मी आबांच्या हातातून यादी घेतली आणि मांडवामागच्या चुलीत घातली. बट्ट्यांच्या निखाऱ्यावर ती भुर्रकन पेटली. आबा नंतर म्हणाले, “अवं, यादी जपून ठेवाले पायजे होती.” मी त्यांना विचारलं, लिहिताना मागे काय छापलंय ते बघितलं नाही का? ते म्हणाले, “तुह्या हापिसचं. तूच दिलं, मंग मी कशाले वाचू?”

ठरलेल्या वारी गाडी अडवली तेव्हा तिच्यात घडांखाली केळीची पानं होती आणि पानांखाली नुसती गाडीची फळी. अडवणाऱ्यांना त्या माणसानं सगळ्यांच्या देखत घड उतरवायला लावले, चहा पाजला, आणि काळ्या पडलेल्या केळीचा बोभाटा वर्तमानपत्रापर्यंत नेला. साहेबांनी नानांना बोलावलं, नानांनी मला. “पोरी, मशीन कोणी उघडलं होतं?” मी म्हणाले, नाही नाना. फ्लॉपीचं सील शाबूत होतं. नोंदवही मी स्वतःच पुढे केली. त्यांनी पानं उलटून ‘जाळले’ वर बोट टेकवलं, मान हलवली आणि साहेबांकडे जाऊन शपथेवर सांगितलं की माझ्या खोलीतून टाचणीसुद्धा बाहेर गेलेली नाही. त्या म्हाताऱ्या माणसानं आयुष्यात बहुधा कोणाची बाजू इतक्या जोरात घेतली नसेल.

पाड्यावर काय झालं ते महिन्याभरानं कळलं. कोणी कोणाला मारलं नाही. फक्त त्या पाड्यावरच्या माणसांना केळीच्या गाड्या भरायला बोलावणं बंद झालं, एकालाही नाही, आणि का बंद झालं ते बरोबर नाव घेऊन सांगितलं गेलं. दोन आठवड्यांत सगळा पाडा तिच्यावर उलटला. तिनं रचून ठेवलेल्या ज्वारीच्या कडब्यात कोणी तरी गुरं सोडली. पाण्यावर बायका तिला वाट देईनात.

ती आली ते एकटीच, एसटीनं. आमच्या दाराबाहेर चपलांच्या ढिगापाशी उभी राहिली आणि आत यायला तयार होईना. मी बाहेर गेले.

तिनं हळू आवाजात विचारलं, “माय, तुन्हा डबानं कुलूप तुटनं का वं?”

आवाजात आरोप नव्हता. घरचं दार वाऱ्यानं उघडलं का, असं विचारावं तसं ती विचारत होती. मी म्हणाले, “नाही अक्का. कुलूप शाबूत आहे.”

“कोनी उघाडं नही?”

“कोणीच नाही.”

“आठून काहीच बाहेर गयं नही?”

मी म्हणाले, “काहीच नाही.”

तिनं बोटांवर माणसं मोजली. मग म्हणाली, “त्या दिन आठे मी, तू, नाना आनि मन्हा भाऊ. मंग मन्हा भाऊनीच सांगं.”

त्या क्षणापाशी मी अजून जाते. तिथे जाऊन उभी राहते आणि तोंड उघडायचा प्रयत्न करते. दोन शब्द पुरे होते. मी शिपायाला हाक मारून तिच्यासाठी चहा मागवला. तिनं तो बशीत ओतून प्यायला, कप खाली ठेवला आणि मला म्हणाली की तू भली बाई आहेस. मी तिला बस स्टँडपर्यंत सोडायलासुद्धा गेले. त्या दिवाळीनंतर ती गुजरातेत ऊसतोडीला निघून गेली. भावाशी तिनं बोलणं टाकलं. दोघांच्या झोपड्यांची भिंत एकच होती, ती दर होळीला घरी यायची आणि त्याच्याशी बोलायची नाही, हे मला पुढे नानांकडून कळत गेलं. नाना प्रत्येक वेळी म्हणायचे, “काय माणूस आहे, बहिणीला विकली त्यानं.” मी मान डोलवायची. हो, डोलवायची.

पुढे माझी बढती झाली आणि धुळ्याला बदली. गोपनीय कामाचा माझा शेरा उत्तम होता. लग्न झालं, देवपुरात घर घेतलं. मशीनं वाढली, आणि तालुक्यांच्या कारकुनांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. विषय, कॉम्प्युटरमधली गोपनीय माहिती कशी जपावी. मी फळ्यावर लिहायची की पासवर्ड कोणाला सांगू नये, कागदावर लिहून ठेवू नये, फ्लॉपी कुलपात ठेवावी. मी चांगलं शिकवते असं सगळे म्हणत. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोक्त कारकून बाईनं हात वर केला. “मॅडम, ते सगळं ठीक. पण बिघडलेल्या कागदांचं काय करायचं? आमच्याकडे तर सगळे घरी नेतात.”

वर्गात हशा पिकला. मी खडू हातात घेऊन उभी राहिले. ‘जाळून टाकायचे,’ एवढंच म्हणायचं होतं, ते मला म्हणता येईना. घसा बसलाय असं सांगून मी वर्ग सोडला आणि त्या रविवारी घरी खोटं सांगून शिरपूर, चोपडा करत पाड्यावर गेले.

भाऊ घरीच होता. पाच-सहा वर्षांत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. त्यानं मला ओळखलं. “ताई, तू जळगावना हापिसमानी ना?” पाणी दिलं, खाट टाकली. शेजारची झोपडी बंद होती. तिच्या दारासमोरचं अंगण मात्र शेणानं सारवलेलं होतं. मी विचारलं कोण सारवतं, तर तो म्हणाला की मीच, ती नसली म्हणून काय झालं.

मी त्याला सगळं सांगितलं. लग्न, यादी, चौथं पान, चहा. काहीही गाळलं नाही. वाटलं होतं, तो अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उकिडवा बसून जमिनीवर काडीनं रेघा मारत राहिला. शेवटी म्हणाला, “तिले सांग. मी सांगसू ते तिले पटाव नही.”

ती गुजरातेत होती. मी पिशवीतून वही काढली आणि तिथेच सगळं लिहून काढलं, की चूक माझी, तुमच्या भावानं काही सांगितलेलं नाही. खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं. तो कागद उलटसुलट करून बघत राहिला.

“हाई कोन वाची?”

“गावात कोणाकडून तरी वाचून घ्या.”

“आठे वाचणारा एकच शे, दुकानवाला. त्याले कळनं म्हंजे बठ्ठासले कळनं. तुन्ही नोकरी जाई.”

मी म्हणाले, जाऊ दे. म्हणाले खरी, पण आवाज माझा मलाच पटला नाही, आणि त्याला तो ऐकू आला असावा. तो उठला, आत गेला आणि कागद चुलीत घातला. मी दारातून बघत होते. तो चुलीपाशी बसून राहिला. कागद पूर्ण जळेपर्यंत, कोपऱ्यातला उरलेला तुकडासुद्धा काडीनं आत ढकलेपर्यंत तो बसला. मग राख मोडून बाहेर आला. “तू तोंडवरी सांग. होळीले ती येस, तवळ तू ये.”

मी म्हणाले, येते. नक्की येते.

त्या होळीला मी निघाले आणि चोपड्याच्या स्टँडवरून परत फिरले. पुढच्या होळीला मुलीला गोवर आला. खरंच आला होता, पण नसता आला तरी मी गेले नसते. तिसऱ्या वर्षी आणखी एक बढतीची यादी निघायची होती. चौथ्या होळीला मी गेले, तेव्हा जायला काही मोठं कारण झालं नव्हतं. नाना वारल्याचं पत्र आलं होतं, एवढंच. ते शेवटपर्यंत त्या भावाला विश्वासघातकी समजत गेले.

ती अंगणात भाकरी थापत होती. मी समोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. ती थापायची थांबली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपलीत टाकली, दुसरा गोळा घेतला. माझं सांगून झालं तेव्हा म्हणाली, “त्या दिन तू माले च्या पाजा व्हता.”

“हो अक्का.”

“मी तुले भली बाई सांगं.”

शेजारच्या त्याच्या अंगणात भाऊ उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. मी त्याच्याकडे बघून विचारलं, तुम्हाला तर माहीत होतं, तुम्ही एवढ्या होळ्या तिला का नाही सांगितलं? तो माझ्याकडे असं बघायला लागला की मीच काही तरी येडपट विचारलंय.

“तू ‘येसू’ सांगेल व्हतं ना. म्हनीसन मी बोलनू नही.”

तिनं पिठाचे हात झटकले. टोपलीतली वरची भाकरी काढली, तिच्यावर चटणी घातली आणि त्याला हाक मारली, “ये रे, जेवाले ये.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो आला आणि तिच्या शेजारी बसला. दोघंही खाली बघून जेवत होते. तिनं दुसरी भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली.

मी उठले. त्या भागात दारात आलेल्या परक्यालासुद्धा पाणी विचारल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मला कोणी पाणी विचारलं नाही. अंगणाच्या कडेला मी काढून ठेवलेल्या चपला घातल्या आणि फाट्यावर बसची वाट बघत उभी राहिले.